वाचकांचे प्रश्न : लाल व्हायचं सोनं जांभळं का होतं?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सायट्रेट पद्धतीनं सोन्याचे नॅनोकण बनवत आहोत. तीनदा केलं; एकदाच दाट लाल रंग आला, दोनदा जांभळा. कृती तीच, बाटल्याही त्याच. चुकतंय कुठे?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : आधी काचेवर संशय घ्या. फ्लास्कच्या आत मागच्या खेपेचं सोनं चिकटलेलं असलं, तर नवं सोनं त्यावरच जमत जातं. फ्लास्क आणि ढवळायची चुंबकी कांडी ॲक्वा रेजियानं (3 भाग हायड्रोक्लोरिक, 1 भाग नायट्रिक आम्ल) धुवा. फ्यूम हूडमध्येच (विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), लागेल तेवढंच ताजं बनवा. बाटलीत भरून झाकण लावलंत तर बाटली फुटेल. ॲसिटोन आसपास नको. नंतर डिस्टिल्ड पाण्यानं पाच-सहा वेळा खळबळा. शेवटचं खळबळणं नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यानं झालं, तर सगळी मेहनत वाया: त्यातलं कॅल्शियम कणांवरचा ऋण भार झाकतं आणि कण एकमेकांना बिलगतात. तोच तुमचा जांभळा रंग.

दुसरी जागा वजनकाट्याची. क्लोरोऑरिक आम्ल (ज्यातून हे सोनं मिळतं ते सोन्याचं संयुग) हवेतला ओलावा भराभर ओढतं आणि स्टीलचा चमचा खातं. 40 मिलिग्रॅम मोजत बसू नका. 1 ग्रॅमची कुपी आणली की सगळी एकदम 25.4 मिलीलीटर द्रावण होईल एवढ्या पाण्यात विरघळवा. ट्रायहायड्रेट असेल तर 0.1 मोलर साठा तयार होतो. तो गडद बाटलीत, फ्रीजमध्ये ठेवा.

आता कृती. या साठ्यातलं 1 मिलीलीटर घेऊन द्रावण 100 मिलीलीटर करा, कंडेन्सर लावून खळखळ उकळू द्या. दुसरीकडे 114 मिलिग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट 10 मिलीलीटर पाण्यात घ्या आणि जोरात ढवळत असताना एका दमात ओता. थेंबथेंब घातलंत तर कणांची बीजं वेगवेगळ्या वेळी पडतात आणि आकार लहानमोठे होतात. फिकट पिवळा रंग आधी जातो, मग काळसर निळा, जांभळा आणि काही मिनिटांत लाल येतो. मधला जांभळा पाहून गॅस बंद करणारे बरेच असतात! लाल झाल्यावरही 10-15 मिनिटं उकळू द्या, मग ढवळतच थंड करा. कण साधारण 13 नॅनोमीटरचे मिळतात आणि प्रकाश शोषणाचं शिखर 520 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास दिसतं. 600 ते 700 दरम्यान कुबड दिसलं, तर गुठळ्या झाल्या आहेत. त्या पुन्हा उकळून सुटत नाहीत. टाकाऊ सोन्याच्या बाटलीत जमा करा.

प्रश्न : एकाच नमुन्याचा आकार एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन) 13, टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) 14 आणि डीएलएसमध्ये (विखुरलेल्या प्रकाशावरून मोजणी) 34 नॅनोमीटर आला. कोणता आकडा छापायचा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तिन्ही छापा, पण कोणता कशाचा ते लिहून. एक्सआरडीतून शेररच्या सूत्रानं (शिखराच्या रुंदीवरून आकार काढणाऱ्या) मिळतो तो स्फटिकाचा आकार, टीईएममध्ये दिसतो धातूचा गाभा, आणि डीएलएस मोजतं पाण्यात हलणारं सगळं बोचकं, वरच्या थरासकट.

मात्र थरामुळे दोन-चार नॅनोमीटर वाढतील, वीस नाही. 34 मागे धूळ किंवा गुठळ्या असाव्यात. विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो. 130 नॅनोमीटरची एक गुठळी 13 नॅनोमीटरच्या 10 लाख कणांएवढी चमकते. नमुना पातळ करा, 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि तीनदा मोजा. टीईएममध्येही सुंदर दिसणारे दहा कण निवडू नका. वेगवेगळ्या जागचे निदान 200 मोजा.

शेररचं गणित करताना शिखराची रुंदी रेडियनमध्ये हवी आणि कोसाइन 2θ चा (आलेखावरच्या कोनाचा) नाही, θ चा (त्याच्या अर्ध्याचा). सोन्याचं 38.2 अंशांवरचं शिखर 0.65 अंश रुंद असेल, तर उत्तर 12.9 नॅनोमीटर येतं. रुंदी अंशातच ठेवली तर 0.23, म्हणजे सोन्याच्या एका अणूहूनही लहान स्फटिक! यंत्राची स्वतःची रुंदी प्रमाणित सिलिकॉनवर मोजून आधी वजा करायची असते, हेही राहून जातं.

प्रश्न : अमोनियानं काळं मॅग्नेटाइट (लोहाचं चुंबकीय ऑक्साइड) पाडलं, पण ओव्हनमध्ये वाळवल्यावर तपकिरी झालं. चुंबकाला मात्र चिकटतं. चालेल का?
— एक शिक्षक, चिपळूण

उत्तर : फेरस लोह हवेनं फेरिक झालं, ते आता बहुधा मॅगहेमाइट (लोहाचं तपकिरी ऑक्साइड) आहे. तेही चुंबकीय असतं, म्हणून चुंबकाची चाचणी इथे निरुपयोगी. इतक्या लहान कणांची एक्सआरडी शिखरं रुंद असल्यानं तीही दोघांना नीट वेगळं करत नाहीत, मॉसबाउअर (गॅमा किरणांनी लोहाची अवस्था ओळखणारा वर्णपट) लागतो. पाण्यातलं आर्सेनिक शोषण्यासाठी हवं असेल तर वापरा, फक्त लेबलवर मॅग्नेटाइट लिहू नका. काळंच हवं असेल तर पाण्यातून आधी अर्धा तास नायट्रोजन सोडा, फेरस क्लोराइड ताजं, हिरवट घ्या (पिवळं पडलेलं नको), फेरिक-फेरस प्रमाण 2:1 ठेवा आणि वाळवण निर्वात ओव्हनमध्ये 60 अंशांच्या आत करा.