त्याच दिवशी, लेखी

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. परिषदेत भेटलेले ते सभ्य गृहस्थ, सल्लागार म्हणून देऊ केलेलं मानधन, आणि निघताना मागितलेली न छापलेली आकडेवारी. तू काही दिलं नसशील, हे मला माहीत होतं. पण सुरक्षा अधिकाऱ्याऐवजी तू मला लिहितेस, तेही अकरा दिवसांनी! इथे मात्र मला राग आला.

असं काही घडलं की त्याच दिवशी सांगायचं, आणि लेखी सांगायचं.

'नुसती माहितीच तर मागितली' असं तू म्हणतेस. तू विषाणूंवर काम करतेस ना? २०१२ मध्ये एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूवरचा शोधनिबंध परदेशी नियतकालिकाला पाठवण्यासाठी नेदरलँड्सच्या सरकारने संशोधकाला निर्यात परवाना घ्यायला लावला होता. तेव्हा 'नुसती' हा शब्द काढून टाक.

अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पातल्या ओपेनहायमरला १९४२-४३ च्या हिवाळ्यात, त्याच्याच स्वयंपाकघरात, एका मित्राने सोव्हिएत रशियाकडे माहिती पोचवायची वाट असल्याचं सुचवलं. त्याने साफ नकार दिला, पण गप्प बसला. काही महिन्यांनी बोलला तेव्हा मित्राला झाकण्यासाठी खोटं रचलं. १९५४ च्या चौकशीत नकाराची कुणाला किंमत राहिली नाही, ते खोटं मात्र त्याच्या अंगावर आलं.

उलट अणुशास्त्रज्ञ नील्स बोर. १९४४ मध्ये लंडनमध्ये त्याला सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ कापित्साचं पत्र मिळालं, सोव्हिएत संघात येऊन राहण्याचं निमंत्रण देणारं. त्याने ते ब्रिटिश गुप्तचरांना दाखवलं, आपलं उत्तरही दाखवलं. तरीही त्याच वर्षी चर्चिल आणि रूझवेल्ट यांनी त्याच्यावर लक्ष ठेवायचं ठरवलं. संशय कुणाला चुकत नाही, पोरी. पण त्याने पत्र आधीच दाखवलं होतं, हे त्याच्या बाजूच्या लोकांना ठामपणे सांगता आलं.

माझ्या बाजूने तसं बोलायला कुणी नव्हतं. वीस वर्षांपासूनच्या स्नेह्याने फिरता फिरता अशीच माहिती विचारली, मी नाही म्हणालो आणि विषय तिथेच सोडला. सात महिन्यांनी चौकशी आली. मला तारीखही धड आठवेना. माझ्या दोन विद्यार्थ्यांचे संगणक जप्त झाले, एकीचा प्रबंध दीड वर्ष अडकला. ती पुन्हा माझ्याशी बोलली नाही. मी घाबरून गप्प बसलो नव्हतो. ज्ञान सगळ्यांचं, असं मानत मी वाढलो. मित्राचं नाव कागदावर घालणं मला हीन वाटलं. अजूनही थोडं वाटतं. पण त्या मुलीने काय केलं होतं?

म्हणून आज, अर्ध्या पानात लिही: कोण, कुठे, कधी, नेमके शब्द काय, तू काय उत्तर दिलंस. अंदाज नको, सारवासारव नको. अकरा दिवस का लागले तेही लिही, खरं असेल ते. भीती वाटली असेल तर भीती लिही.

मसुदा मला दाखवू नकोस. आधी सुरक्षा अधिकाऱ्याला दे, पोच घे, मग मला फोन कर. रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल.

तुझा,
सर