इलेक्टिव्ह मिळालं नाही, म्हणजे शाखाच अवघड का?

प्रश्न: माझी मुलगी ओहायोत मेडिकलच्या चौथ्या वर्षात जाईल. व्हीएसएलओ या अर्जांच्या पोर्टलवरून तिने उन्हाळ्यातल्या अवे रोटेशनसाठी, म्हणजे दुसऱ्या कॉलेजच्या रुग्णालयात करायच्या ऐच्छिक प्रशिक्षणासाठी (इलेक्टिव्हसाठी), अर्ज केले. डर्मॅटॉलॉजीत नकार आला, इमर्जन्सी मेडिसिनच्या जागा सगळीकडे भरलेल्या, रेडिओलॉजीत मात्र लगेच होकार. म्हणजे रेडिओलॉजीची रेसिडेन्सी (पदवीनंतरचं त्या शाखेचं प्रशिक्षण) सोपी आणि इमर्जन्सीची अवघड, असंच समजायचं का?
– एक आई, कोलंबस

उत्तर: नाही ताई, तसं समजू नका. मी इमर्जन्सी विभागातच शिकवते, म्हणून आधी आमचंच सांगते. आमच्या शाखेत एसएलओई नावाचं ठरावीक नमुन्यातलं शिफारसपत्र लागतं, आणि ते महिनाभर विभागात काम केल्याशिवाय मिळत नाही. रेसिडेन्सीचे अर्ज सप्टेंबरअखेर पोहोचतात, त्यामुळे सगळी मुलं जुलै-ऑगस्टच मागतात. एका पाळीत एका शिक्षकामागे विद्यार्थी तरी किती घेणार? पेशंटजवळ शिकायचं तर शिक्षकाला वेळ हवा. शिवाय आमच्या कॉलेजची मुलं आधी, बाहेरची नंतर. अशी रांग दरवर्षी लागते. तरीही २०२३च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, इमर्जन्सीच्या ५५४ जागा पहिल्या फेरीत रिकाम्या राहिल्या. तिथे प्रवेश अवघड होता, असं कोण म्हणेल?

रेडिओलॉजीत विद्यार्थी बहुतेक वेळ डॉक्टरांच्या शेजारी बसून स्कॅन पाहतो, त्यामुळे एखादी खुर्ची वाढवणं जमतं. पण रेसिडेन्सीला तिथे जवळपास सगळ्या जागा भरतात. या होकारावर विसंबून ती शाखा निवडू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

डर्मॅटॉलॉजीचं तेवढं खरं आहे. विभाग लहान, रेसिडेन्सीच्या जागा मोजक्या आणि इच्छुक पुष्कळ, म्हणून तिथे रोटेशन आणि रेसिडेन्सी दोन्हीकडे चुरस असते.

चुरस पाहायची तर मॅच घेणाऱ्या एनआरएमपी या संस्थेचे अहवाल उघडा. कोणत्या शाखेत किती जागा रिकाम्या राहिल्या, कुणाला मॅच मिळाला, कुणाला नाही, सारं शाखावार दिलेलं असतं. इमर्जन्सीचं मन असेल तर लेकीला पहिलं रोटेशन स्वतःच्या कॉलेजात करू द्या, पहिलं एसएलओई तिथेच मिळेल. आणि व्हीएसएलओ अधूनमधून पाहत राहायला सांगा. एकाच महिन्यासाठी अनेक ठिकाणी होकार मिळालेली मुलं पुढे जागा सोडतात, तेव्हा ऑगस्टची एखादी जागा अवचित मोकळी होते.