सिंकखालचं भोक आणि इतर प्रश्न

स्वयंपाकघरातल्या कॅबिनेटबद्दलची पत्रं वेगवेगळी, घोळ तेच. म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न : टाइल्स अजून बसायच्या आहेत. कॅबिनेटवाले म्हणतात, आत्ताच माप घेऊ, वेळ वाचेल. चालेल?
उत्तर : नाही.

प्रश्न : आधी वरची कॅबिनेट लावायची की खालची?
उत्तर : वरची. खालचे बॉक्स नसले की माणसाला भिंतीला लागून उभं राहता येतं.

प्रश्न : सिंकखालचं कॅबिनेट दोन वर्षांतच फुगलं. घेताना ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ सांगितलं होतं. शेजारी म्हणतात, एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) होतं म्हणून. प्लायवूड घ्या, चिंता मिटेल. खरं का?
उत्तर : अर्धंच खरं. साधं एमडीएफ पाणी प्यायलं की फुगतं आणि वाळल्यावरही पहिल्या जाडीवर येत नाही, हे बरोबर. पण पाणी शिरलं कुठून, हे शेजाऱ्यांनी वाकून पाहिलं का? कॅबिनेट रिकामं करा, टॉर्च घ्या आणि सिंकचा पाइप बाहेर जातो ते भोक बघा. कारखान्यातून बोर्ड येतो तो कडांना एज बँडिंग, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावून. मग जागेवर कुणीतरी जिगसॉने (विजेच्या छोट्या करवतीने) भोक पाडतो आणि ती कड तशीच सोडून देतो. बोट फिरवा, भुसा लागेल. पाइपवरून ओघळलेला थेंब, पाइपला सुटलेला घाम, सगळं तिथेच मुरतं. ‘वॉटरप्रूफ’ हे विक्रेत्याचं बोलणं फार तर वरच्या लॅमिनेटला लागू. कापलेल्या कडेला ते लागू नाही. प्लायवूडही उघड्या कडेने पाणी ओढतं, फक्त जास्त दिवस तग धरतं. तेव्हा बोर्ड कुठलाही असो, कापलेली प्रत्येक कड सीलर किंवा सिलिकॉनने बंद झाल्याशिवाय पाइप जोडू देऊ नका. एकदा जोडला की तिथे धड हात पोचत नाही. नवं कॅबिनेट मागवण्याआधी प्लंबरकडून गळती तपासून घ्या. ती चालू असेल, तर नव्याचंही तेच होईल.

प्रश्न : दारं एका रेषेत नाहीत. सगळी बदलून मागू का?
उत्तर : आधी स्क्रू ड्रायव्हर मागा. चांगल्या कप बिजागरीवर (दाराच्या आतल्या गोल खाचेत बसते ती) दार वर-खाली, डावी-उजवीकडे आणि आत-बाहेर सरकवता येतं. तरी जमलं नाही, तर बॉक्सच गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. मग बसवणाऱ्याला बोलवा, स्वतः ठोकाठोक करू नका.

प्रश्न : भिंत ओळंब्यात नाही. कॅबिनेटच्या बाजूला 12 मिमी फट राहिली आहे, कारागीर सिलिकॉन भरू म्हणतो.
उत्तर : एवढ्या फटीला भिंतीच्या तिरकेपणाप्रमाणे कापलेली फिलर पट्टी लागते. भिंत ओळंब्यात नाही हे माप घेतानाच दिसायला हवं होतं.

प्रश्न : जिप्सम बोर्डाच्या भिंतीवर वरची कॅबिनेट लावता येतील?
उत्तर : नुसत्या प्लास्टिकच्या प्लगवर नाही. पकड आतल्या फ्रेमला किंवा मुद्दाम बसवलेल्या लाकडी आधाराला हवी. रिकामं कॅबिनेट टिकलेलं दिसतं. भांडी भरली की कळतं. भिंत बांधणाऱ्याला फ्रेम कुठे आहे आणि इलेक्ट्रिशियनला वायर कुठून गेली आहे हे विचारा. तोवर ड्रिल बाजूला ठेवा.

प्रश्न : ‘आज पूर्ण पैसे भरा, सूट घ्या, ड्रॉइंग नंतर पाठवू,’ असं सांगतात.
उत्तर : ड्रॉइंग आधी, पैसे मागून. त्यावर बोर्डाचा प्रकार, जाडी, बिजागरी आणि ड्रॉवर सरकतात ते चॅनेल लिहून घ्या, आणि सही करण्याआधी एखाद्या जाणत्या सुताराला दाखवा. ‘प्रीमियम’ नावाचा बोर्ड नसतो.