बार किती इंची, हा अर्धाच प्रश्न

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पाऊस ओसरला की कोकणात कटर बाहेर निघतात आणि आमच्याकडे पत्रांचा ढीग लागतो. या वेळची बहुतेक पत्रे चेनसॉच्या बारबद्दल (कटरची चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) आणि बागेतच ओंडका चिरून फळ्या काढण्याच्या जोडणीबद्दल, म्हणजे मिलबद्दल, आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : शेती अवजारांचे दुकान आहे. गिऱ्हाईक येते, "22 इंची बार द्या" म्हणते, घेऊन जाते आणि दुसऱ्या दिवशी चेन बसत नाही म्हणून परत येते. विकताना नेमके विचारायचे काय? (कुडाळ)

इंच शेवटी विचारा. त्याआधी चार गोष्टी विचारायच्या : पिच, गेज, चेनच्या खालच्या जिभांची संख्या आणि बार मशीनला बसतो ती बाजू. जीभ म्हणजे चेनचा बारच्या खाचेत उतरणारा भाग.

पिच मोजायला चेनवरचे लागोपाठ तीन रिव्हेट घ्या. पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून निम्मे करा. निम्मे करण्याआधीचे अंतर साधारण 16.5 मिमी भरले तर चेन .325 इंच पिचची, 18.6 भरले तर 3/8 ची आणि 20.5 भरले तर .404 ची. गफलत होते ती 3/8 मध्ये. लहान मशीनची 3/8 लो-प्रोफाइल चेन आणि मोठ्या मशीनची पूर्ण 3/8 चेन, दोन्हींची रिव्हेटची अंतरे जवळजवळ सारखीच. पण लो-प्रोफाइलचे दात बुटके असतात आणि मशीनचे चेनचक्रही वेगळे. ही अदलाबदल करू नका.

गेज म्हणजे जिभेची जाडी. ती व्हर्नियरने मोजा, डोळ्याने कळत नाही. बाजारात 1.1, 1.3, 1.5 आणि 1.6 मिमी अशा चेन मिळतात. 1.5 च्या खाचेत 1.6 ची चेन शिरतच नाही, त्यामुळे ती चूक दुकानातच लक्षात येते. त्रास उलट्या चुकीचा. 1.6 च्या खाचेत 1.3 ची चेन सहज बसते, मशीन चालू होते, मग चेन एका कुशीवर झुकते आणि काप तिरका जातो. गिऱ्हाईक म्हणते चेन खराब दिली. श्टील कंपनीच्या मोठ्या मशीनला 3/8 मध्ये बहुधा 1.6 चे गेज असते, हस्कवर्ना कंपनीच्या मशीनला 1.5 चे. 58 सीसीची चायना मशीन बहुतेक .325 पिच आणि 1.5 गेजवर येते.

जिभा मोजाव्याच लागतात. .325 पिचच्या 18 इंची बारला मशीननुसार 68, 72 किंवा 74 जिभांची चेन लागते. त्याच पिचच्या चायना मशीनच्या 22 इंची बारला साधारण 86. जुनी चेन हरवली असेल तर बारच्या मागच्या भागावर कोरलेले आकडे वाचा. बहुतेक बारवर लांबी, पिच, गेज आणि जिभा हे सगळे असते, फक्त वर भुसा आणि तेलाची खरड साचलेली असते. चिंधीला रॉकेल लावून पुसा.

राहिली बसण्याची बाजू. हस्कवर्नाच्या मोठ्या मशीनच्या बारची लांबट खाच 9 मिमीची, श्टीलच्या मोठ्या मशीनची 12 मिमीची. रुंद खाचेचा बार अरुंद बोल्टवर बुश (फट भरणारी कडी) घालून बसतो, पण मग तेलाची भोके समोरासमोर येतात का, हे पाहायलाच हवे. भोके जुळली नाहीत तर बार काही तासांत निळा पडतो.

आणखी एक. बार देताना चेन त्यावर चढवून हाताने एक पूर्ण फेरा फिरवून दाखवा. नाकाचे, म्हणजे बारच्या पुढच्या टोकाचे, चक्र .325 चे आणि चेन 3/8 ची असेल तर ती तिथेच अडकेल. दोन मिनिटांचे हे काम परत येणारा माल बराच कमी करते.

प्रश्न : 58 सीसीची मशीन आणि 22 इंची बार आहे. फणसाच्या ओंडक्यातून 20 इंची रुंद फळ्या काढायच्या आहेत. मिलची जोडणी बसवली तर चालेल का? (राजापूर)

20 इंच मिळणार नाहीत. मिलची चौकट बारला दोन्ही टोकांनी आवळते. एक कडी मशीनजवळ, एक नाकाजवळ. 22 इंची बारवर कापायला 16-17 इंचच उरतात, तेही मशीनचे पुढचे काटे काढले तर.

दुसरी अडचण ताकदीची. आडवा ओंडका कापताना मशीनला मध्येच श्वास मिळतो. फळी काढताना ती दहा-दहा मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर राहते आणि दात तंतूंच्या टोकांवर चालतात. खाली लांब किस पडत नाही, पिठासारखा भुसा पडतो. चेनला सगळ्यात जड असा हा काप. 58 सीसीवर 12 ते 14 इंच रुंदीचा फणस किंवा आंबा सावकाश निघेल. 20 इंचाला 70 सीसीची मशीन हवी, 30 इंचांच्या पुढे 90 सीसी आणि वर. ऐन, किंजळ अशा घट्ट लाकडाला आणखी एक पायरी वर जा.

मशीन आहे तीच वापरणार असाल तर काही गोष्टी पाळा. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल ताज्या मिश्रणाचेच, डब्यावर 50 ला 1 लिहिले असेल तर एका लिटरला 20 मिली. साधे 25 ला 1 चे तेल असेल तर 40 मिली. कार्बोरेटर किंचित घट्ट मिश्रणावर, म्हणजे इंधन जरा जास्त येईल असा ठेवा. पूर्ण वेगात भार काढला की आवाज जरा फाटका, गुरगुरता यायला हवा. सरळ, बारीक, किंचाळणारा आवाज आला तर इंधन कमी पडतेय. अशाने पिस्टन घासला जाऊन जाम होतो आणि दुरुस्तीपेक्षा नवी मशीन स्वस्त पडते. काप संपल्यावर लगेच बंद करू नका, अर्धा मिनिट मंद चालू द्या.

चेन चिराईची हवी. साध्या चेनच्या दाताचा वरचा कोन 30 अंशांच्या आसपास असतो, चिराईच्या चेनचा 10. काम फारसे झपाट्याने होत नाही, पण फळी गुळगुळीत निघते, रंध्याचे काम वाचते आणि मशीन आजूबाजूला ओढत नाही. नवी चेन घ्यायची नसेल तर जुनीचा कोन प्रत्येक धार लावताना थोडा थोडा कमी करत आणा. एकाच दिवशी 30 वरून 10 वर आणलात तर अर्धा दात कानशीत जाईल. .325 ला 4.8 मिमी गोल कानस, पूर्ण 3/8 ला 5.2 किंवा 5.5. दातापुढचा खुंट दातापेक्षा सुमारे 0.65 मिमी खाली असावा. जास्त उतरवला की चेन लाकडात घुसून अडकते, कमी उतरवला की नुसते घासत राहते.

प्रश्न : वादळात पडलेल्या आंब्याच्या फळ्या काढल्या. पहिली फळी वाकडी, मग सगळ्याच वाकड्या. कुठे चुकले? (दापोली)

2020च्या निसर्ग आणि 2021च्या तौक्ते वादळानंतर असे पडलेले आंबे-फणस किनारपट्टीवर भरपूर होते, आणि हा प्रश्न अजून येतो. चूक पहिल्या कापात आहे. मिल पुढे सरकते ती मागच्या कापाच्या सपाटीवर. पहिला काप जसा, तशा पुढच्या सगळ्या फळ्या.

पहिल्या कापाला ओंडक्यावर सरळ मार्ग लागतो. अॅल्युमिनियमची शिडी उत्तम, नाहीतर रंधा मारलेल्या दोन सरळ पट्ट्या आडव्या तुकड्यांनी जोडलेल्या. शिडी ओंडक्याच्या दोन्ही टोकांना फूटभर पुढे आलेली हवी, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी मिल अधांतरी राहत नाही. बहुतेकांची फळी बिघडते ती या शेवटच्या सहा इंचांत. मिल नाक खाली टाकते आणि तिथे गचका बसतो. दोन्ही टोकांना पाणसळ आडवी ठेवून शिडीला पीळ नाही ना ते पाहा. एका टोकाला बुडबुडा मध्यावर आणि दुसऱ्याला कडेला असेल तर खाली पाचर घाला, मगच स्क्रू आवळा.

आता खोली. समजा शिडी 50 मिमी जाड आणि स्क्रू ओंडक्यात 40 मिमी शिरले. मिल 100 मिमीवर बसवली तर बार स्क्रूच्या टोकाखालून जेमतेम 10 मिमीने जाईल. 110 ठेवा. स्क्रूवर चेन गेली की एका झटक्यात निम्मे दात जातात.

बार फूट-दोन फूट पुढे गेला की मागच्या फटीत लाकडी पाचरी ठोका, नाहीतर फळी बसून बार चिमटतो. ओंडका किंचित उतारावर, पुढचे टोक खाली असा मांडला की वजनच मशीन ओढते. ताकद लावून रेटायचे काम नाही. गाभा आलेली फळी तडकणारच, ती फळ्यांच्या हिशोबात धरू नका. आंब्याला काळे डाग आणि किडे लवकर लागतात, म्हणून ओंडका महिनोन्महिने पावसात पडू देऊ नका.

प्रश्न : मिलवर वापरलेल्या बारचे नाक निळे पडते आणि नाकातले चक्र फिरेनासे होते. स्वस्त बारमुळे का? (शिरोडा)

बार दोषी असेलही, पण आधी मिलची पुढची कडी कुठे आवळली आहे ते बघा. कडी नाकातल्या चक्रावरच आवळली तर बारच्या दोन्ही बाजू दाबल्या जाऊन चक्राचे बेअरिंग जाम होते. कडी चक्राच्या रिव्हेटच्या मागे, भरीव भागावर हवी. त्यासाठी इंचभर रुंदी गेली तरी चालेल.

मग तेल. मशीनचा पंप 18-20 इंची आडव्या कापाच्या हिशोबाने तेल देतो, लांब बारच्या नाकापर्यंत पोहोचेपर्यंत ते उडून जाते. लांब बारवर नाकाच्या कडीजवळ छोटी बाटली आणि बारीक नळी लावून थेंब थेंब तेल सोडावे. चालू चेन पांढऱ्या कागदासमोर धरा. तेलाची बारीक रेघ उमटली नाही तर खाच आणि तेलाचे भोक चुन्यासारख्या घट्ट भुशाने भरलेले आहे. पातळ पत्र्याने ओढून काढा.

रोज काम संपले की चेन ढिली करा. गरम बारवर ताणलेली चेन थंड होताना आखडते आणि क्रँकच्या बेअरिंगवर ओढ येते.

बारची रेल, म्हणजे खाचेच्या दोन्ही बाजूंच्या कडा, आठवड्यातून एकदा बघा. कडेला बाहेर आलेले धारदार पोपडे सपाट कानशीने काढा. मग बारच्या बाजूला गुण्या लावून बघा, दोन्ही रेल एका उंचीच्या हव्यात. एक रेल खचली की काप कायम एका बाजूला वळतो आणि माणूस मात्र चेनला धार लावत बसतो. प्रत्येक चेनबदलाला बार उलटा करून लावा, म्हणजे झीज दोन्ही कडांवर वाटली जाते. खाचेची खोली .325 आणि 3/8 ला 6 मिमीच्या खाली गेली की बार टाका. जिभा खाचेच्या तळाला टेकायला लागल्या की कानस काही करू शकत नाही.

प्रश्न : जळके इंजिन तेल बारला चालते का? (सत्तरी)

नाही. त्यात धातूचा बारीक चुरा असतो. तो पंप खातो, रेल घासतो आणि सगळे तेल बागेत पडते. चेन ऑइल मिळत नसेल तर नवे एसएई 30 घ्या.

प्रश्न : दुकानात भरीव बार ठेवावेत की तीन पत्र्यांचे? चेनची रीळ घेणे परवडते का? (चिपळूण)

तीन पत्र्यांचा बार हलका आणि स्वस्त. फांदीकाम, जळाऊ लाकूड, 18 इंचांपर्यंतची मशीन, त्यासाठी तो पुरेसा. मिलसाठी मात्र भरीवच द्या, आणि नाक बदलता येणारे. लांब बारमध्ये पत्र्यांचा बार चिमटला की किंचित वळतो, आणि मग त्यातून सरळ फळी निघत नाही. भरीव बारचे नाक झिजले तर नाकाचा सुटा भाग रिव्हेट करून बदलता येतो. सुटी नाके आणि रिव्हेटही ठेवा.

तुमच्या भागात चायना 58 सीसी जास्त असतील तर 18, 20 आणि 22 इंची, .325, 1.5 चे बार आधी भरा. मोठे बार मागणी आल्यावरच आणा. 36 इंची बार भिंतीवर टांगून ठेवला की दिसतो छान, विकला जात नाही.

.325 ची 100 फुटी रीळ म्हणजे सुमारे 1,846 जिभा. त्यातून 72 जिभांच्या 25 चेन निघतात, 86 च्या 21. शिवाय रिव्हेट तोडण्याचे आणि फिरवून बसवण्याचे अशी दोन यंत्रे लागतात. महिन्याला पाच-सहा चेन विकल्या जात असतील तर घ्या, त्याहून कमी असतील तर तयार चेन बऱ्या. जोडाचा रिव्हेट हातोडीने ठोकून चेन विकू नका. असा जोड निसटला तर चेन चालवणाऱ्याच्या हातापायावर येते. बिलावर चेन 8202 40 आणि बार 8467 91 या एचएसएन (जीएसटीसाठीचे मालाचे संकेतांक) शीर्षांखाली वेगवेगळी दाखवा.

प्रश्न : मिल घेऊन गावोगाव फळ्या काढून देण्याचा धंदा करायचा आहे. परवानगी लागते का? (संगमेश्वर)

आधी झाड. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ यांच्याबरोबर आंबा आणि फणसही आहेत. स्वतःच्या जमिनीतले झाड असले तरी परवानगी घ्या. पडलेल्या झाडाचे फोटो आणि तलाठ्याचा पंचनामा जवळ ठेवा. लाकूड बागेबाहेर न्यायचे असेल तर वाहतूक परवान्याची चौकशी करा.

मिलचे म्हणाल तर आरागिरण्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आहेत आणि वन विभाग त्याबाबत कडक आहे. स्वतःच्या बागेतले लाकूड चिरणे वेगळे, पैसे घेऊन दुसऱ्याचे चिरणे वेगळे. मशीन घेण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच मागा.