पोटाच्या सोनोग्राफीत महाधमनीत ‘फ्लॅप’

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे. पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली. रिपोर्टच्या शेवटी लिहिलंय : पोटातल्या महाधमनीत हलणारा फ्लॅप, डिसेक्शनची शक्यता, सीटी ॲन्जिओग्राफी करावी. त्यांना काहीच दुखत नाही. बीपीची गोळी मात्र अधूनमधून राहून जाते. खड्यांचं ऑपरेशन आधी उरकून घेऊ का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नको. ऑपरेशन पुढे ढकला आणि सीटी ॲन्जिओग्राफी (शिरेत औषध सोडून रक्तवाहिन्यांचा काढलेला सीटी) आजच करून घ्या.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी. तिच्या आतल्या थराला चीर पडली की रक्त भिंतीत शिरतं, थर सुटतो आणि एका नळीत दोन मार्ग तयार होतात. हेच डिसेक्शन. तो सुटलेला थर म्हणजे फ्लॅप. ठोक्यागणिक फडफडणारी पांढरी रेघ. कधीकधी ध्वनिलहरींच्या परावर्तनानेही अशी रेघ उमटते, पण प्रोबचा (पोटावर फिरवतात त्या उपकरणाचा) कोन बदलला की ती सहसा पुसट होते. उभ्या-आडव्या दोन्ही छेदांत रेघ टिकली आणि कलर डॉप्लरमध्ये (रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफी) तिच्या दोन्ही बाजूंचा प्रवाह वेगवेगळा दिसला, तर संशय पक्का होतो.

नेहमीची चूक म्हणजे फक्त पोटाचा सीटी काढणं. चीर बहुतेकदा छातीत सुरू होते, म्हणून छातीपासून जांघेपर्यंत सलग ॲन्जिओ मागा. क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) तपासा, मधुमेहाच्या गोळ्या असतील तर आधी सांगा. सोबत टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी). वडिलांची जुनी सोनोग्राफी असेल तर तीही न्या. न दुखणारं डिसेक्शन कधीकधी जुनंच असतं. सीटी न करताच गाडीत घालून कसारा घाटातून मुंबई गाठू नका, तपासणी नाशिकमध्येच होते.

हृदयातून निघणारा वर चढणारा भाग फाटला असेल तर तातडीची शस्त्रक्रिया. तिथे तासातासाला धोका वाढतो. फक्त खाली उतरणारा भाग असेल तर बहुधा औषधांनी वरचं बीपी १०० ते १२०, नाडी साठीच्या आसपास ठेवतात. आतड्याचा, किडनीचा किंवा पायाचा रक्तपुरवठा अडला, महाधमनी फुगत गेली किंवा फुटायच्या बेतात असली, तर स्टेंट लागतो.

तोवर ओझं उचलणं, कुंथणं बंद. बीपीची गोळी वेळेवर द्या, चुकली म्हणून दुप्पट नको. ॲस्पिरिन मनाने सुरू करू नका. छातीत किंवा पाठीत एकाएकी फाडल्यासारखी कळ आली, भोवळ आली, पाय गार पडला, तर लगेच १०८. पोहोचताच सोनोग्राफीचा रिपोर्ट आधी दाखवा : हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं, तर डिसेक्शनमध्ये ते जिवावर बेततं.