पणजीत फिरताना वेगळी रम किंवा फळांची दारू चाखायची असेल तर काय चाखावं?

तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये दोन दिवस पणजीत आहात, नेहमीची बिअर-व्हिस्की नको, फळाची दारू किंवा निराळी रम चाखायची आहे, आणि फेणीच्या वासाची थोडी धास्ती वाटते. मी वेंगुर्ल्याचा, आजोळ उत्तर गोव्यातल्या पेडण्याचं, म्हणून हक्काने सांगतो.

एप्रिल आहे ना? मग पहिल्यांदा हुर्राक. बाकी सगळं बारा महिने मिळतं, हुर्राक फक्त काजूच्या हंगामात. ती फार दिवस टिकत नाही, पाऊस लागला की संपली. काजूच्या बोंडूचा रस आंबवून एकदा गाळला की हुर्राक होते, साधारण १५ टक्क्यांची. त्याच हुर्राकमध्ये आंबवलेला रस घालून पुन्हा गाळलं की फेणी, ती ४२-४३ टक्क्यांपर्यंत जाते. वासाची धास्ती असेल तर सुरुवात हुर्राकने करणंच शहाणपणाचं. तिला बोंडूचा वास असतो, पण तो अंगावर येत नाही. फोंताइन्यातल्या, म्हणजे पणजीच्या जुन्या वस्तीतल्या, एखाद्या जुन्या छोट्या बारमध्ये दुपारी बसा. लिंबू, मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची आणि वरून लिम्का, अशीच देतात. पहिला घोट मात्र काही न मिसळता घ्या, नाहीतर तुम्हाला फक्त लिम्काच कळेल.

लहानपणी मामाने मला भाटी, म्हणजे दारू गाळायची भट्टी, दाखवली होती. झाडावरून पडलेलेच बोंडू वेचायचे, तोडायचे नाहीत. बी पिळून काढायची आणि बोंडू दगडी कुंडीत (तिला कोळंबीच म्हणतात) पायाने तुडवायचे. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने आवळून त्यावर दगड ठेवला की जो स्वच्छ, हलका रस ठिबकतो तो नीरो. तांब्याच्या भाणाचं, म्हणजे रस उकळायच्या भांड्याचं, तोंड वारुळाच्या मातीने लिंपलेलं, खाली लाकडं धगधगतायत, नळी थंड पाण्यात बसवलेल्या मडक्यात गेलेली. मामाने तळहातावर दोन थेंब टाकून चोळले आणि हात माझ्या नाकाशी धरला. उडून गेल्यावर जो वास राहिला तो आमच्या परसातल्या बोंडूचाच होता. आमच्या सिंधुदुर्गात बहुतेक बागांत बी काढून घेतात आणि बोंडू झाडाखाली कुजतात. तेरेखोल नदी ओलांडली की त्याच फळाची २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली दारू होते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तोच तळहात तुमची कसोटी. ‘फळांची’ म्हणून जे समोर येईल त्याबद्दल एकच विचारा, ही फळातून गाळलेली आहे की नंतर वास घातलाय? किनाऱ्याजवळच्या एका दुकानात मला जांभळाची म्हणून एक बाटली आग्रहाने विकली गेली. रंग सुंदर होता. रात्री प्यालो, ग्लास तसाच ठेवला, सकाळी वास घेतला तर शाळेबाहेरच्या गोळ्यांचा वास. फेणीच्या रिकाम्या ग्लासात दुसऱ्या दिवशीही बोंडू असतो.

दुसरी गोष्ट, माडाची फेणी. ती फळाची नाही, माडाच्या पोयीतून (फुलोऱ्यातून) काढलेल्या सुरेची, म्हणजे माडीची, आणि दक्षिण गोव्यात तिचा मान जास्त. काजूच्या फेणीपेक्षा ती मऊ लागते. तिच्यात दुक्षिरीची मुळं घालून ठेवलेली मिळाली तर ती सोडू नका. दुक्षिरी म्हणजे आपली अनंतमूळ. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आणि मागून गोडसर औषधीपणा. मला विचाराल तर गोव्यात चाखण्यासारखी याहून वेगळी दारू नाही.

रमचं थोडक्यात. आपल्याकडची बहुतेक रम मळीची, व्हॅनिलाच्या गोडीची, ती तुम्ही प्यायलेलीच असणार. गोव्यात तयार होणाऱ्यांत ‘माका जाय’ ही रम मागा. कोकणीत त्याचा अर्थ ‘मला हवंय’. ‘सेग्रेदो आल्देया’ची कॉफी घातलेली रम जेवणानंतर छान लागते, पण गोड आहे, एक पेग पुरे.

फेणी घेताना छोटा पेग, त्यात चमचाभर पाणी. पाण्याने वास उघडतो, तोंड भाजत नाही. सोबत तळलेला बांगडा घ्या, आणि फेणीला बर्फाने झाकू नका.

बिनलेबलाची बाटली कुणी कितीही आपुलकीने दिली तरी नको. कशापासून गाळलीय ते तुम्हाला कळणार नाही, आणि चुकीच्या दारूने डोळे जातात. परवान्याच्या दुकानातूनच घ्या.

परतीचं शेवटचं. गोव्याची बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते. आवडेल ते तिथेच बसून प्या. पेडण्याच्या बाजूला सकाळी लवकर जाणं झालं आणि एखाद्या भाटीवर नीरो मिळाला, तर तो आंबण्याआधी, ताजाच घ्या. घशाला जरा खवखवतो, पण बोंडूची खरी चव तीच.