राष्ट्रहितापाशी थांबू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

अण्वस्त्रांच्या न-वापरावरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा नीट वाचला. विषय निवडताना हात आखडता घेतला नाहीस, हे आवडलं. पण पहिल्याच परिच्छेदात तू लिहिलं आहेस की सामाजिक रचनावादाच्या मते आंतरराष्ट्रीय राजकारणात कल्पनांना महत्त्व असतं. हे वाक्य चूक नाही, पण त्याला विरोध कुणाचाच नाही. देश फक्त सत्ता आणि सुरक्षितता पाहून वागतात असं मानणारा कट्टर वास्तववादीही म्हणेल, असतं की, कोण नाही म्हणतंय? ज्या विधानावर कुणी भांडणारच नाही त्यावर प्रबंध उभा राहत नाही. तेव्हा आधी भांडण नेमकं कशावरून आहे ते पाहू.

१९७९ साली अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ केनेथ वॉल्ट्झ यांनी वास्तववादाची जी काटेकोर मांडणी केली, तिचा गाभा असा : देशांच्या वर कुठलंही सरकार नाही. हाक मारली की धावून येईल असा पोलीस नाही, निवाडा बळाने अमलात आणील असं न्यायालय नाही. त्यामुळे प्रत्येक देशाला स्वतःची काळजी स्वतःच घ्यावी लागते, आणि संशय, शस्त्रस्पर्धा, सत्तासंतुलन हे सगळं त्यातून आपसूक येतं. देशांना काय हवं आहे हे इथे आधीच ठरलेलं असतं. रचनावादी अभ्यासक अलेक्झांडर वेंट यांनी १९९२ च्या लेखात बोट ठेवलं ते या 'आपसूक'वर. वर सरकार नाही एवढ्यावरून शेजारी मित्र आहे की शत्रू हे कळत नाही. दोघे आजवर एकमेकांशी कसे वागले, त्या वागण्याचा प्रत्येकाने काय अर्थ लावला आणि तो अर्थ धरून पुढचं पाऊल कसं टाकलं, यावरून ते ठरतं. एकाने संशय घेतला की दुसराही घेतो, आणि काही पिढ्यांनी तो संशय निसर्गनियमासारखा वाटायला लागतो. या विचाराला 'रचनावाद' हे नाव निकोलस ओनफ या अभ्यासकाने १९८९ मध्येच दिलं होतं. हा सगळा पूर्वेतिहास तुझ्या आराखड्यात फार पसरला आहे. एका पानात आटप.

वेंट यांचं ते प्रसिद्ध उदाहरण तूही दिलं आहेस : ब्रिटनच्या ५०० अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाची ५ अण्वस्त्रं अमेरिकेला जास्त धोकादायक वाटतात. प्रत्येक विद्यार्थी हे उदाहरण देतो आणि प्रत्येक जण तिथेच थांबतो. मला तू त्याच्या पुढचा प्रश्न विचारायला हवी आहेस. ब्रिटन अमेरिकेचा मित्र झाला कधी आणि कसा? १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टनमध्ये घुसून राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान जाळलं होतं. १९३० च्या सुमारालाही ब्रिटनशी युद्ध झालं तर काय करायचं याची योजना अमेरिकी लष्कराकडे तयार होती, आणि तीत कॅनडावर स्वारी धरलेली होती. अशा योजना लष्करं बऱ्याच देशांविरुद्ध आखून ठेवतात, म्हणून तिला अवास्तव वजन देऊ नकोस. पण एक गोष्ट तिच्यातून नक्की दिसते. आज ज्या युद्धाची कल्पनाही हास्यास्पद वाटते ते तेव्हा निदान कागदावर उतरवण्याजोगं होतं. मधल्या काळात काय बदललं? अटलांटिक महासागर तर तिथेच आहे. हा बदल तारीखवार दाखवता आला तर रचनावाद. नुसतं 'मैत्री सामाजिकरीत्या घडते' म्हटलं तर ती घोषणा.

इथे एक गैरसमज काढून टाक, कारण तो तुझ्या दुसऱ्या प्रकरणात डोकावतो. एखादी गोष्ट माणसांनी घडवलेली आहे म्हणजे ती तकलादू आहे, मनात आणलं की बदलेल, असं तू धरून चालली आहेस. सार्वभौमत्व माणसांनीच घडवलं. सीमारेषाही माणसांनीच आखली. ती ओलांडताना माणसं मरतात. उलट मी तर म्हणेन की सगळ्यांनी मिळून खरी मानलेली गोष्ट हलवणं एखादा डोंगर फोडण्याहून अवघड असतं, कारण ती रोज नव्याने पाळली जाते आणि पाळणाऱ्याला आपण काही पाळतो आहोत याची जाणीवही नसते. वेंट यांनीही ही रचना सहज बदलते असा दावा कुठे केलेला नाही.

आता तुझ्या मुख्य प्रकरणाकडे वळतो, अण्वस्त्रांच्या न-वापराकडे. १९४५ च्या ऑगस्टनंतर युद्धात एकदाही अण्वस्त्र वापरलं गेलेलं नाही. का? सोपं उत्तर आहे धाकाचं : वापरलं तर उलटून पडेल. नीना टॅननवॉल्ड या अभ्यासिकेने हे उत्तर अपुरं का आहे ते दाखवलं. उलट मारा करू शकणार नाहीत अशा देशांविरुद्धही अण्वस्त्रं वापरली गेली नाहीत, पराभव समोर दिसत असतानाही नाहीत. व्हिएतनाम हे त्याचं मोठं उदाहरण. शिवाय १९८२ मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवलं ते अण्वस्त्रधारी ब्रिटनच्या विरोधात. अण्वस्त्र आपल्यावर पडेल ही भीती खरोखर असती तर तसं धाडस झालं असतं का?

पण तुझ्या आराखड्यात नसलेला आणि मला सगळ्यात मोलाचा वाटणारा पुरावा वेगळाच आहे. मार्च १९५३. कोरियाचं युद्ध रखडलेलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची बैठक. तिच्या इतिवृत्तात नोंद आहे की राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर आणि परराष्ट्रमंत्री डलेस यांचं एका मुद्द्यावर पूर्ण एकमत झालं : अण्वस्त्रांच्या वापराभोवती जो टॅबू, म्हणजे 'हे करूच नये' असा निषेध, आहे तो काहीही करून नष्ट केला पाहिजे. ही नोंद सावकाश वाच. बोलणारे शांततावादी नाहीत. हे शस्त्र इतर शस्त्रांसारखंच हाताशी असावं असं वाटणारी ही माणसं आहेत, आणि त्यांच्या वाटेत काहीतरी आडवं येतं आहे. ते आडवं येणारं काय, तर शत्रूची क्षेपणास्त्रं नव्हेत, जगाची भावना. दोन वर्षांनी, १६ मार्च १९५५ ला, आयझेनहॉवर यांनी पत्रकार परिषदेत उघड सांगितलं की निव्वळ लष्करी लक्ष्यांवर ही शस्त्रं बंदुकीच्या गोळीसारखी का वापरू नयेत याचं कारण त्यांना दिसत नाही. म्हणजे तो टॅबू मोडून काढण्याचा प्रयत्न सर्वोच्च पातळीवरून झाला, आणि फसला.

असा संकेत, म्हणजे कसं वागावं याचा सर्वमान्य नियम, अस्तित्वात आहे की नाही, याची साक्ष त्या संकेताच्या भक्तांकडून घेऊ नये. ज्याला तो नकोसा आहे आणि तरी ज्याला तो ओलांडता येत नाही, त्याच्याकडून घ्यावी. तुझ्या आराखड्यात अण्वस्त्रविरोधी चळवळीची पत्रकं भरपूर आहेत, बैठकांची इतिवृत्तं जवळजवळ नाहीत. हे प्रमाण उलटं कर. अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्या काळातल्या कागदपत्रांचे खंड प्रसिद्ध केले आहेत, ते कुणालाही वाचता येतात. कंटाळवाणे आहेत, पण खरं काम तिथेच आहे.

वाचताना तिथे न बोललेलंही टिपत जा. १९५० च्या दशकातल्या बैठकीत अणुबॉम्बचा पर्याय मांडला जातो, खोडला जातो, पुन्हा मांडला जातो. एखाद्या संकेताची खरी पकड त्यानंतर कळते, म्हणजे तो पर्याय मांडायचं कुणाच्या मनातच येत नाही तेव्हा. खर्च आणि फायदा यांचा हिशेब करून सोडून दिलेली गोष्ट वेगळी आणि हिशेबात धरलीच न गेलेली गोष्ट वेगळी. पहिलीचं स्पष्टीकरण वास्तववाद देईल. दुसरी तुझी.

परीक्षक मात्र इथेच तुला धरणार, तेव्हा आधीच तयारीत राहा. ते म्हणतील, कोरियात बॉम्ब टाकण्याजोगी लक्ष्यं कमी होती, साठा युरोपसाठी राखून ठेवायचा होता, सोव्हिएत संघ युद्धात उतरेल अशी भीती होती. ही सगळी कारणं खरी आहेत. ती नाकारू नकोस, टॅननवॉल्डही नाकारत नाहीत. तुझं म्हणणं एवढंच असायला हवं की ही कारणं जमेला धरूनही काही शिल्लक उरतं, आणि ते म्हणजे हा टॅबू. जितकं उरत असेल तितकंच माग. शीतयुद्धाच्या अखेरीबद्दलही असंच बघ. सोव्हिएत अर्थव्यवस्था डबघाईला आली होती, म्हणून माघार घ्यावी लागली, हे पटतं. पण डिसेंबर १९८८ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी संयुक्त राष्ट्रांत उभं राहून एकतर्फी ५ लाख सैन्य कमी करण्याची घोषणा केली. माघारीला हेच रूप का मिळालं, याचं उत्तर नुसत्या ताळेबंदातून निघत नाही. हा तुझा विषय नाही, एका तळटीपेत ठेव.

आता या सिद्धांताची दुखरी जागा सांगतो. रचनावाद्यांना चांगल्या गोष्टींच्या कहाण्या सांगायला आवडतात. मार्था फिनेमोर आणि कॅथरिन सिकिंक या अभ्यासिकांनी १९९८ मध्ये संकेतांचा जीवनक्रम मांडला : आधी काही झपाटलेली माणसं तो उचलून धरतात, मग एका टप्प्यानंतर देशांची रीघ लागते, आणि शेवटी तो अंगवळणी पडतो. मांडणी सुरेख आहे. भूसुरुंगबंदी तिच्यात अगदी चपखल बसायची. १९९२ मध्ये मूठभर संघटनांनी मोहीम सुरू केली, १९९७ मध्ये ओटावा करार झाला, १९९९ मध्ये तो अमलात आला. मग २०२५ मध्ये लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड या रशियाच्या शेजाऱ्यांनी करारातून बाहेर पडायचं ठरवलं. अंगवळणी पडलेलं असं निघून जातं का? की ते कधी अंगवळणी पडलंच नव्हतं?

या प्रश्नाला एक पळवाट आहे. ती तू घेऊ नयेस, म्हणून सांगतो. रचनावादी म्हणू शकतो की बघा, त्या देशांनी गुपचूप सुरुंग पेरले नाहीत. रीतसर सूचना दिली, कारणं सांगितली, म्हणजे संकेत जिवंतच आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. नियम मोडणारा सफाई देतो तेव्हा तो नियम मान्यच करत असतो. पण देश वागले तर संकेताचा प्रभाव, आणि न वागले तरी संकेताचाच प्रभाव, असं तू दोन्हीकडून म्हणायला लागलीस तर तुला कुणीच खोटं पाडू शकणार नाही, आणि जे खोटं पडूच शकत नाही ते शास्त्र उरत नाही. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी एका कागदावर स्पष्ट उतरव : अमुक पुरावा सापडला तर माझं म्हणणं चुकलं. अण्वस्त्रांच्या बाबतीत तो काय असेल? माझ्या मते, बंद दाराआडच्या चर्चेत केवळ लष्करी अडचणींचाच विचार झालेला दिसला आणि जगाच्या किंवा स्वतःच्या प्रतिमेचा उल्लेखही नसला, तर तुझी बाजू लंगडी पडेल. तुला याहून कडक कसोटी सुचली तर ती घे.

आणि वाईट संकेतही संकेतच असतात, हे विसरू नकोस. एकोणिसाव्या शतकात 'सुसंस्कृत राष्ट्रं' ही कल्पना युरोपातल्या देशांनी मिळून उचलली होती आणि १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत तिच्याच आधाराने आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले गेले, एकाही आफ्रिकी प्रतिनिधीशिवाय. १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने युद्धातल्या विषारी वायूंवर बंदी घातली, इटलीने त्यावर सही केली आणि १९३५-३६ मध्ये इथिओपियात तोच वायू सोडला. संकेत कुणाला लागू आणि कुणाला नाही, हेही माणसंच ठरवत आली आहेत. तुझ्या प्रबंधात या बाजूला निदान एक विभाग हवाच. अणुबॉम्बबद्दलचा टॅबू काही देशांकडची शस्त्रं साहजिक आणि इतरांकडची भयंकर ठरवायलाही कामी येतो का, हे त्या विभागात तपासता येईल. मला स्वतःला तो काही अंशी येतो असं वाटतं, पण तू कागद वाचून ठरव.

लिहिताना 'राष्ट्रहितासाठी अमुक देशाने तमुक केलं' असं वाक्य आलं की पेन थांबव. हे हित कुणी ठरवलं, कोणत्या बैठकीत, कशाच्या तुलनेत, आणि त्याच माणसांना दहा वर्षांपूर्वी तेच हित वाटत होतं का, हे विचार. उत्तर सापडेपर्यंत ते वाक्य कच्चं समज. 'संरचना', 'अन्योन्यघटन' असे जड शब्द पहिल्या मसुद्यात अजिबात नकोत. तुला काय म्हणायचं आहे ते साध्या मराठीत म्हणता येत नसेल, तर ते अजून तुझ्या ध्यानात आलेलं नाही असं समजायला हरकत नाही.

पुढच्या वेळी पूर्ण आराखडा पाठवू नकोस. १९५३ च्या त्या एकाच बैठकीवर चार पानं लिहून पाठव : कोण काय म्हणालं, कोणता पर्याय कशासाठी मागे पडला, आणि तुझ्या मते धाकाने ज्याचा उलगडा होत नाही असं त्यात काय उरलं. सोबत कोणत्या पुराव्याने तुझं म्हणणं चुकेल ते लिहिलेला तो कागदही जोड.

तुझ्या कामाची वाट पाहणारा,
तुझे सर